बर्फावरची हॉकी

कळव्याच्या बाजारात बर्फ कुणी पाहिला नाही? मासळीवाली पाटीतल्या मासळीवर ठेचलेला बर्फ घालते. कारखान्यातून आलेल्या लादीवर गोणपाट टाकतात, तरी दुपारपर्यंत लादी निम्मी होते. आपल्या खाडीकाठी बर्फाचं आयुष्य एवढंच.

पण आपल्याच देशात एक गाव असं आहे, की तिथे हिवाळ्यात तळंच्या तळं गोठतं. त्या गावाचं नाव लेह. ते लडाखमध्ये आहे. समुद्रापासून त्याची उंची सुमारे ११,५०० फूट. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी लेह थोडं वरच राहील! तिथे जानेवारीच्या रात्री घागरीतलं पाणीसुद्धा गोठून जातं.

या गोठलेल्या पाण्यावर मुलं हॉकी खेळतात. तिला आइस हॉकी म्हणतात. लेह, काश्मीरमधलं गुलमर्ग, हिमाचलातलं काझा अशा थंड ठिकाणी तिच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. पुरुषांच्या होतात, बायकांच्या होतात, तशा वीस वर्षांखालच्या मुलांच्याही होतात.

हा खेळ कसा असतो, ते आता पाहू. मैदान सुमारे २०० फूट लांब असतं आणि भोवती फळ्यांचं कुंपण असतं. एका बाजूचे सहा गडी एका वेळी खेळतात. त्यांतला एक गोल राखतो. प्रत्येकाच्या बुटाखाली पोलादी पातं असतं. या खेळात चेंडू नसतो. रबराची एक काळी, चपटी चकती असते. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. ती काठीने सटकवायची आणि समोरच्या जाळीत घालायची. बर्फावर ती अशी सुसाट जाते, की नवख्याला दिसतच नाही. म्हणून खेळाडू डोक्याला टोप, गुडघ्याला, छातीला जाड गाद्या बांधतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. धावपळ फार, म्हणून गडी मिनिटभरात दमतो. तो बाहेर येतो, दुसरा आत जातो. खेळ थांबत नाही. कुणी आडदांडपणा केला, तर पंच त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात. तोवर त्याचा संघ एका गड्याने कमी.

आता बर्फाचं पाहू, कारण सगळं अडतं ते तिथेच. नुसतं तळं गोठून भागत नाही. बर्फ सपाट हवा. म्हणून रात्री कडाक्याच्या थंडीत माणसं त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतात. तो गोठला की दुसरा. आपल्याकडे बाया अंगण सारवतात ना, तसंच हे थरावर थर देणं. हात बधिर होतात, पण काम रात्रीच करावं लागतं. दिवसा ऊन पडलं की बर्फ मऊ होतो. सिमल्याला १९२० सालापासून असंच मैदान करतात.

असा हंगाम मिळतो जेमतेम दोन महिने. थंडी उशिरा आली तर सगळं पुढे जातं. २०२५ साली गुलमर्गला पुरेसं हिमच पडलं नाही. तिथे फेब्रुवारीत व्हायचे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ मार्चमध्ये घ्यावे लागले.

मग यंत्राने बर्फ का करत नाहीत? करतात की! डेहराडूनला २०११ साली मोठं बंदिस्त मैदान बांधलं. पण एवढी जागा बारा महिने गोठवून ठेवायची, तर विजेचा खर्च फार. ते कैक वर्षं बंद पडून राहिलं. २०२५ साली ते पुन्हा उघडलं. आम्हाला वाटतं, मैदान बांधतानाच विजेचा हिशेब मांडायला हवा होता.

लडाखच्या मुलांना बर्फ फुकट मिळतो, पण बाकी सारं महाग. पूर्वी तिथली माणसं जुन्या लष्करी बुटांना पाती ठोकून खेळत. मुलींना तर पोरांचा खेळ संपला की मैदान मिळायचं. त्याच मुलींच्या जोरावर भारताचा महिला संघ २०१६ साली पहिल्यांदा परदेशी स्पर्धेत उतरला. तिथे तो हरला. पुढच्या साली बँकॉकला त्याने फिलिपिन्सला हरवलं. २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक आणलं.

आणि आपली मुलं? त्यांच्याकडे ना थंडी, ना गोठलेलं तळं. ती सिमेंटच्या अंगणावर चाकांचे बूट घालून शिकतात. तोल, वळण, वेग हे चाकांवर साधतं. थांबणं मात्र बर्फावर वेगळं. तिथे पातं आडवं करून बर्फ खरवडावा लागतो. तरी २०२४ साली लेहला बर्फावरच्या शर्यतींत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी पदकं मिळवली. ज्याला रोज बर्फ आणि ज्याला वर्षातून आठ दिवस बर्फ, त्यांची ही बरोबरी नव्हे. तरी मुलं जातात.

खाडीकाठचा मुलगा लेहला उतरला, की लगेच खेळायला धावत नाही. तिथली हवा विरळ. जिना चढला तरी धाप लागते, डोकं दुखतं. म्हणून पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं. मग तिसऱ्या दिवशी पाती बांधून बर्फावर उभं राहायचं.