घोटभर पेय, घटकाभर सवड

परदेशप्रवास ही आता मूठभर धनिकांची मिरास राहिलेली नाही. शिक्षक, बँकेतील कारकून, निवृत्तिवेतनधारक अशी मंडळीही आयुष्यभराच्या शिलकीतून एखादी सफर घडवून आणतात. मात्र आठ-दहा दिवसांत चार-पाच देश पालथे घालणाऱ्या या सफरींत पाहणे पुष्कळ होते, भेटणे क्वचितच. वास्तू आणि संग्रहालये यांची यादी पुरी होते. त्या भूमीवर नांदणाऱ्या माणसांशी ओळख होत नाही. त्यातच ‘आपला’ चहा मिळाला नाही म्हणून कासावीस होणारेही थोडे नाहीत. वस्तुतः परक्या समाजाच्या अंतरंगात शिरण्याचे सर्वांत सोपे द्वार कोणते असेल, तर ते तेथील यजमान पाहुण्यापुढे ठेवतो त्या पेल्याचे.

इथिओपियाचेच उदाहरण घ्यावे. अरेबिका जातीची कॉफी ही तेथील नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ अरण्यांची देणगी. तेथे कॉफीला ‘बुना’ म्हणतात. अरबांनी तिला ‘बुन्न’ म्हटले आणि जुन्या मराठी घरांत कॉफीच्या बियांना ‘बुंददाणे’ म्हणत, हे ध्यानात घेतले म्हणजे ते नाते फारसे परके राहत नाही. तेथील घरी पाहुणा आला की जमिनीवर हिरवे गवत पसरतात, धूप जाळतात. गृहिणी कच्चे दाणे पाण्याने धुऊन निखाऱ्यांवर भाजते आणि त्यांचा सुगंधी धूर प्रत्येकापुढे फिरवते. मग ते कुटून ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळले जातात. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात; पहिली ‘अबोल’, दुसरी ‘तोना’ आणि तिसरी ‘बरका’, म्हणजे आशीर्वादाची. पेय उत्तरोत्तर सौम्य होत जाते, बोलणे मात्र रंगत जाते. पहिल्या फेरीनंतर उठून जाणारा पाहुणा कॉफी पितो, पण आशीर्वादाला मुकतो.

अरबस्तानातील रीत निराळी. वेलदोड्याच्या वासाची फिकट कॉफी बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात थोडीशीच ओततात. पेला काठोकाठ भरणे हे तेथे औदार्याचे लक्षण नसून पाहुण्याला निरोप देण्याचा संकेत मानला जातो. पुरे झाले असेल तर रिकामा पेला हलकेच हलवावयाचा. एरवी यजमान ओततच राहतो. शब्दावाचून चालणारी ही भाषा कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा अधिक शिकवून जाते.

तथापि ‘परंपरा’ या शब्दाने दिपून जाण्याचे कारण नाही. इस्तंबूलमधील कॉफीगृहे सोळाव्या शतकाच्या मध्यापासूनची. परंतु तुर्कस्तानात आज घरोघरी, दुकानोदुकानी काचेच्या कमनीय पेल्यांतून फिरणारा चहा मात्र अगदी अलीकडचा. पहिल्या महायुद्धानंतर येमेन हातचे गेले, कॉफी महाग झाली आणि नव्या प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठच्या रिझे प्रांतात चहाच्या लागवडीस उत्तेजन दिले. तेथील पहिला मोठा कारखाना 1947 मधला. आज दरडोई चहा पिण्यात तो देश जगाच्या अग्रभागी गणला जातो. इराणची कथा तर आपल्या अधिकच जवळची. तेथील चहागृहांना आजही ‘कहवेखाना’ म्हणतात. नाव कॉफीचे राहिले आणि पेल्यात चहा आला. हिंदुस्थानात वकील म्हणून राहिलेल्या काशिफ-उस्-सल्तनेह यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येथून चहाची रोपे नेऊन लाहिजानला लावली. पुढे इराणी मंडळींच्या हॉटेलांतून मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्यांनी चहा प्यायला. देवाणघेवाण ही अशी फेर धरून चालते.

जपानमध्ये या पेयाने तत्त्वज्ञानाची उंची गाठली. सोळाव्या शतकातील सेन नो रिक्यू याच्या परंपरेतील चहागृहाचे दार इतके बुटके की सामुराईलाही वाकूनच आत यावे लागे, आणि तलवार बाहेर ठेवावी लागे. ही भेट पुन्हा जशीच्या तशी घडणार नाही, या जाणिवेने पाहुण्याचे स्वागत करावे, ही त्यामागील भावना. परंतु ज्या सत्ताधीश हिदेयोशीला रिक्यू चहा देत असे, त्याच्याच आज्ञेवरून 1591 मध्ये त्याला प्राणत्याग करावा लागला. पेल्यापुढची समता दाराबाहेर टिकतेच असे नाही.

येथेच खऱ्या प्रश्नाला हात घालावा लागतो. पेला जसा समाजाचे सौजन्य दाखवितो, तशीच त्याची कुंपणेही. इथिओपियातील त्या रम्य समारंभाचे कष्ट बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येतात. तुर्की कॉफीगृहे शतकानुशतके पुरुषांचीच होती. आणि आपण? 1890 मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहापानाला गेल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. पुढे चहा सर्वांचा झाला, तरी खेड्यापाड्यांतील दुकानांत दलितांसाठी वेगळी कपबशी कित्येक वर्षे ठेवली जात होती. कोण कोणाबरोबर, कोणत्या पेल्यातून पितो, या प्रश्नात समाजाची अर्धी कहाणी सामावलेली असते. ती परदेशात वाचावयास शिकलेल्या माणसाला स्वदेशातही वाचता आली पाहिजे.

आता या रीतींना मान्यताही लाभली आहे. युनेस्कोने 2013 मध्ये तुर्की कॉफीचा, 2015 मध्ये अरबी कॉफीचा आणि 2022 मध्ये तुर्कस्तान व अझरबैजान येथील चहासंस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. मान्यतेबरोबर बाजारही येतो. पर्यटकांसाठी तासभराच्या विधीचे दहा मिनिटांत प्रदर्शन मांडले जाते, छायाचित्रे घेतली जातात आणि मंडळी पुढच्या स्थळाकडे धावतात. यजमानालाही पोट आहे. त्याला दोष देता येत नाही. परंतु घाई ही गिऱ्हाइकाची असते, आणि ती सोडणे सर्वस्वी त्याच्या हाती असते.

यास्तव परदेशी जाणाऱ्याने यादीतील एखादे स्थळ खुशाल गाळावे आणि तो वेळ गल्लीतील साध्या चहाच्या दुकानात काढावा. चव रुचेलच असे नाही. कडू वाटेल, साखर नसेल, दूध तर नसेलच. पण शेजारच्या बाकावरचा वृद्ध सरकून जागा करून देईल, तेव्हा त्या देशाने प्रवाशाला पाहुणा म्हणून स्वीकारले असे समजावे. हा मान तिकिटाच्या किमतीत मिळत नाही. त्यासाठी मोजावा लागतो तो केवळ वेळ, आणि नेमका तोच आपण घरी विसरून प्रवासाला निघतो.