जुन्या शिसपेन्सिलीचे साल

शिसपेन्सिलीवर छापलेला आकडा हे तिचे साल नव्हे. जुन्या ट्रंकेत सापडलेल्या पिवळ्या ‘कोह-इ-नूर’वर १५०० असते, हिरव्या ‘कॅसल’वर ९००० असते, हे दोन्ही मालाचे क्रमांक आहेत. कुठे १७६१ किंवा १७९० दिसते. ते कंपनीच्या स्थापनेचे वर्ष असून कालच दुकानात आलेल्या मालावरही ते झळकते. चित्रकलेच्या जुन्या पेन्सिलीचे वय काढायचे तर तिच्यावरची अक्षरे, लाकूड, शिशाचा आकार आणि सोबतची डबी या चौघांची साक्ष घ्यावी लागते. साक्षी जुळल्या नाहीत, तर सर्वांत अलीकडची खूण प्रमाण मानायची. पेन्सिल त्या खुणेपेक्षा जुनी असू शकत नाही, एवढे तरी पक्के होते.

जयसिंगपुरात या कामाला एक आयती मर्यादा मिळते, कारण गावच तरुण आहे. शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावाने हे गाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वसवले. सरळ रस्ते, काटकोनात मिळणाऱ्या आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या, की गाव जमिनीवर येण्याआधी कागदावर आखले गेले हे लगेच कळते. येथल्या एखाद्या घरात गावापेक्षा जुनी पेन्सिल निघाली, तर ती कोल्हापूर, मिरज, कुरुंदवाड किंवा आसपासच्या खेड्यातून बिऱ्हाडाबरोबर आली असे धरून चालावे. अशा पेन्सिली बहुधा तीन प्रकारच्या घरांत मिळतात: ओव्हरसियर किंवा भूमापन खात्यातल्या माणसाच्या, ड्रॉइंग मास्तरांच्या, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मुलांच्या. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापूर परिसरात रेखाकलेच्या परीक्षांना मान होता. एरवी तुकडा संपेपर्यंत साधी पेन्सिल झिजवणारे घरही परीक्षेपुरती चांगली पेन्सिल घेई आणि नंतर ती जपून ठेवी. जपलेल्या वस्तूच उरतात, त्यामुळे ट्रंकेतल्या पेन्सिलींवरून त्या काळी सगळे परदेशी मालच वापरत होते असा समज करून घेऊ नये.

आधी सापडलेली पेन्सिल चित्रकलेची आहे की नाही हे पाहावे. चित्रकलेच्या पेन्सिलीवर एच, एचबी, बी अशी कठीण-मऊपणाची अक्षरे असतात आणि मागच्या टोकाला सहसा खोडरबर नसतो. लाकडाला रबर जोडण्याचे अमेरिकी पेटंट १८५८ चे असले, तरी चित्रकारांनी रबर वेगळाच बाळगला. नुसता १, २, ३ असा क्रमांक असेल तर ती बहुधा लिहिण्याची पेन्सिल. चपटी, रुंद शिशाची पेन्सिल सुताराची. लाल-निळी दुतोंडी पेन्सिल तपासनिसांची. जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल १८७० च्या दशकात आली आणि कचेऱ्यांत रुळली; तिच्या शिशात रंगद्रव्य असते आणि ओले झाले की ते शाईसारखे पसरते. संशय आल्यास कागदावर एक रेघ ओढून ओल्या काडीने स्पर्श करावा. पेन्सिल जिभेला लावून पाहण्याची जुनी सवय येथे उपयोगाची नाही, कारण हा रंग पोटात जाण्यासारखा नसतो.

अक्षरांची पद्धतही बोलते. मऊपणा वाढत गेला की जुने इंग्रज कारखानदार बी, बीबी, बीबीबी असे अक्षरच वाढवत. २बी, ४बी ही आकड्यांची रीत त्यामानाने अलीकडची. पण काही कारखान्यांनी जुनी रीत विसाव्या शतकातही चालू ठेवली, म्हणून बीबी दिसले की पेन्सिल शंभर वर्षांची, असे म्हणणे घाईचे ठरते.

सर्वांत भरवशाची साक्ष देशाच्या नावाची. ब्रिटनने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला आणि १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसा कायदा आला. फसव्या छापांना आळा बसावा हा हेतू होता. त्यानंतर परदेशी मालावर तो कुठे बनला हे छापण्याची रीत पडत गेली. देशाचे नाव अजिबात नसेल तर पेन्सिल त्याआधीची असण्याची शक्यता वाढते, मात्र नाव टाळणारे कारखानेही होते. ‘बव्हेरिया’ म्हणजे न्यूरेंबर्गच्या आसपासचा माल, नुसते ‘जर्मनी’ असेल तर बहुधा १९४५ पूर्वीचा. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधला. ‘ऑक्युपाइड जपान’ हा छाप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी अमलाचा. तो अंमल १९५२ मध्ये संपला. या अक्षरांमागे जगाचा नकाशा कितीदा बदलला हे दिसते, आणि पेन्सिलीचे साल काढणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

कोह-इ-नूरचे उदाहरण यासाठी सगळ्यांत सोयीचे आहे. योझेफ हार्टमुट यांनी १७९० मध्ये व्हिएन्नात कारखाना काढला. १८४८ मध्ये तो बोहेमियातल्या बुडवाइस गावी गेला. ‘एल. अँड सी. हार्टमुट’ या नावातली आद्याक्षरे त्यांच्या मुलांची, लुडविग आणि कार्ल यांची. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कंपनीने पिवळ्या रंगाची, अनेक हातांच्या चकचकीत रोगणाची कोह-इ-नूर १५०० आणली. कठीण-मऊपणाच्या तिच्या सतरा प्रती होत्या. पंजाबातून इंग्रजांनी नेलेल्या हिऱ्याचे नाव ऑस्ट्रियातल्या पेन्सिलीला मिळाले आणि ती हिंदुस्थानात विकायला आली, हा व्यापाराचा खास विनोद. गाव तेच राहिले, देश मात्र बदलत गेला. छापावर ‘ऑस्ट्रिया’ असेल तर पेन्सिल १९१८ पूर्वीची. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ ते १९९२. ‘चेक रिपब्लिक’ असेल तर १९९३ नंतरची. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. पेन्सिल पिवळी आहे एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. कोह-इ-नूर गाजल्यावर अनेकांनी हाच रंग उचलला, इतका की पुढे पिवळा हा पेन्सिलीचा नैसर्गिक रंग वाटू लागला.

फाबर या नावाचा गुंता थोडा वेगळा आहे. कास्पर फाबर यांनी १७६१ मध्ये न्यूरेंबर्गजवळ श्टाइन येथे सुरुवात केली. लोथार फाबर १८३९ मध्ये कारभारी झाले. पेन्सिलीवर स्वतःचे नाव ठसवून ती विकण्याची रीत त्यांनी रूढ केली; आज तिचे साल काढणाऱ्याला छाप सापडतो तो याच चालीमुळे. पण ‘फाबर’ दिसले म्हणजे एकच कारखाना असे नाही. लोथार यांची ‘ए. डब्ल्यू. फाबर’, त्यांच्या भावाची ‘योहान फाबर’ आणि अमेरिकेतली ‘एबरहार्ड फाबर’ ही तीन वेगळी दुकाने. योहान यांचा कारखाना १८७० च्या दशकाच्या अखेरीचा, म्हणजे ते नाव असलेली पेन्सिल त्याहून जुनी नसते. १८९८ मध्ये लोथार यांची नात ओटिली हिचे लग्न कॅसल घराण्यात झाले. १९०५ मध्ये गडद हिरवी ‘कॅसल ९०००’ निघाली. जुन्या कॅसलवर ‘ए. डब्ल्यू. फाबर’ वेगळे आणि ‘कॅसल’ अवतरणचिन्हांत असते. पुढे ‘फाबर-कॅसल’ असे जोडनाव झाले. ‘सायबेरियन ग्रॅफाइट’ असे शब्द असतील तर पेन्सिल १८५६ नंतरची, कारण सायबेरियातल्या खाणीतून माल घेण्याचा करार फाबर यांनी त्या वर्षी केला.

श्टेडलरचा कारखाना १८३५ चा, ‘मार्स’ हे नाव १९०० चे आणि निळी ‘मार्स ल्युमोग्राफ’ १९३० ची. हिरव्या तडा गेल्यासारख्या रोगणाची ‘व्हीनस’ अमेरिकेची, १९०५ ची. इंग्लंडात केझिक गावातल्या ‘कंबरलँड पेन्सिल कंपनी’ने डरवेंट रंगीत पेन्सिली १९३८ मध्ये काढल्या. महायुद्धाच्या काळात इंग्रजी पेन्सिली बिनरंगाच्या, उघड्या लाकडाच्या निघत. अशी रोगण नसलेली इंग्रजी पेन्सिल स्वस्तातली असेल असे समजून टाकून देऊ नये.

दोन्ही महायुद्धांत जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा माल हिंदुस्थानात येणे बंद झाले. १९१४ नंतरच्या पोकळीत जपानी पेन्सिली शिरल्या. म्हणून एखादी जर्मन पेन्सिल १९१६ किंवा १९४२ मध्ये घेतली असे घरात सांगितले जात असेल, तर ती आधीच्या साठ्यातली असणार किंवा आठवणीत काही वर्षे सरकली असणार.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईने आयात आखडली आणि देशी नावांचा काळ आला. मुंबईची ‘हिंदुस्थान पेन्सिल्स’ १९५८ ची. तिची ‘नटराज’ लाल-काळ्या पट्ट्यांनी ओळखली जाते. ‘अप्सरा’ चित्रकलेची पेन्सिल म्हणून १९७० च्या सुमारास आली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेला उद्योग पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने चित्रकलेच्या साहित्यात उतरला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला, त्यामुळे ‘कोकुयो कॅम्लिन’ असा छाप असेल तर वस्तू त्यानंतरची. ‘डोम्स’ हे नाव एकविसाव्या शतकातले.

देशी पेन्सिलीवर देश बदलत नाही, म्हणून येथे डबी आणि वेष्टन अधिक उपयोगी पडतात. किंमत आण्यांत असेल तर १९५७ पूर्वीची. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४. त्यानंतर नुसते पैसे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. वेष्टित मालाचे नियम १९७७ मध्ये आले आणि डबीवरचा मजकूर एकाएकी लांबला. आत किती नग, कोणत्या महिन्यातला माल, सगळे छापणे भाग पडले. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर १९९५ नंतरची. डबी हा पुरावा मात्र भटका असतो. मूळ पेन्सिली संपल्यावर तिच्यात दुसऱ्या भरणे हा घरोघरचा रिवाज आहे, म्हणून डबीचे साल पेन्सिलीला चिकटवण्याआधी दोन्हींवरचे नाव आणि प्रत जुळते का ते पाहावे.

छाप झिजून गेला असेल तर घडण पाहावी लागते. शिसपेन्सिलीत शिसे नसते. ग्रॅफाइटची भुकटी आणि माती मळून, भट्टीत भाजून ती कांडी बनते. ही रीत फ्रान्सच्या कोंते यांनी १७९५ मध्ये पेटंट केली. माती जास्त तितकी पेन्सिल कठीण. मागच्या सपाट टोकाकडे भिंगातून पाहिले तर शिशाचा आकार दिसतो. चौकोनी शिसे असेल तर पेन्सिल साधारण १८७० च्या दशकाआधीची असण्याची शक्यता असते. यंत्रे रुळल्यावर गोल शिसे सार्वत्रिक झाले. जुन्या घडणीत एकाच पट्टीत खोल खाच पाडून शिसे बसवत आणि वरून पातळ झाकण चिकटवत, त्यामुळे सांधा शिशाच्या एका बाजूला दिसतो. नंतरच्या पेन्सिलीत दोन्ही पट्ट्यांना अर्धी-अर्धी खाच असते आणि सांधा शिशाच्या मधून जातो. ही जुनी घडण जयसिंगपुरात सापडणे फार दुर्मिळ, पण कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतून आलेल्या सामानात शोधावी.

लाकडाबाबत डोळ्यांइतकाच नाकाचा उपयोग होतो. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तम पेन्सिलींचे लाकूड अमेरिकेच्या पूर्व भागातला लालसर, सुगंधी सिडार असे. तोडीमुळे तो दुर्मिळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कॅलिफोर्नियाचा फिकट सिडार आला. केनियाचाही माल वापरात आला. भारतात देवदार आणि नंतर मुख्यतः पॉपलर. पॉपलर पांढरट असते, त्याला वास नसतो आणि पुष्कळदा ते रंगवलेले असते. आजही काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून पेन्सिलीच्या पट्ट्यांचा मोठा पुरवठा होतो. लाल रंगवलेले पॉपलर दिसायला सिडारसारखे असल्याने अनेकजण फसतात. आधीच गिरमिट लावलेल्या टोकाशी वास घेतला की शंका फिटते.

पट्ट्या चिकटवायला पूर्वी सरस वापरत. तो पाण्याने सुटतो. जयसिंगपूरच्या शिरोळ तालुक्यात २००५ आणि २०१९ च्या पुरांत नदीकाठच्या घरांतले सामान भिजले. अशा पाण्यातून निघालेली जुनी पेन्सिल मधोमध उघडली असेल, तर ती सरसाने जोडलेली असण्याचा संभव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कृत्रिम गोंदाचा सांधा त्यामानाने टिकतो. उघडलेल्या पट्ट्या फेकू नयेत. खाचेचा आकार एरवी पेन्सिल चिरल्याशिवाय पूर्ण दिसत नाही, येथे तो आयता दिसतो. पट्ट्या उन्हात न ठेवता सावलीत सुकवाव्यात, आणि छाप वाचण्यासाठी त्यावर तेल किंवा पॉलिश लावू नये. तिरप्या उजेडात पेन्सिल हळूहळू फिरवली की सोनेरी वर्ख उडालेला असला तरी ठशाचा खोलगटपणा वाचता येतो.

पिवळी कोह-इ-नूर, छाप ‘चेकोस्लोव्हाकिया’, प्रत ४बी, आणि तिच्यासोबत त्याच नावाची, त्याच प्रतीची डबी, डबीवर दुकानदाराने शाईने लिहिलेली ‘न. पै.’मधली किंमत: अशी जोडी मिळाली तर पेन्सिल १९१८ नंतर बनली आणि १९५७ ते १९६४ दरम्यान दुकानात होती, एवढे सांगता येते. ती कारखान्यातून नेमकी कधी निघाली हे त्यावरून कळत नाही. आयात आखडलेल्या काळात दुकानदार जुना साठा वर्षानुवर्षे विकत असत, त्यामुळे अशा पेन्सिलीची नोंद करताना ‘निर्मिती’ आणि ‘विक्री’ अशी दोन वेगळी साले लिहिलेली बरी.