थोड्या दिवसांचं घर : फॉस्टर केअरविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादच्या काचीगुड्यात राहणाऱ्या मराठी माणसाला निंबोलीअड्डा कुठे आहे हे सांगावं लागत नाही. तिथलं मुलींचं सरकारी बालगृह येता-जाता दिसतं. गणपतीत प्रसाद, संक्रांतीला तिळगूळ, कुणाच्या वर्षश्राद्धाला जेवण असं काही ना काही आपल्या घरांतून अशा बालगृहांत जात असतं. तिथून परतताना रिक्षात कुणीतरी म्हणतंच, "किती गोड पोर होती हो! नेता आली असती घरी, तर..." पुढचं वाक्य बहुधा अर्धंच राहतं.

ते पुरं करण्याची सोय कायद्यात आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या 44 व्या कलमात फॉस्टर केअरची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांत तिला 'प्रतिपालकत्व' म्हणतात. ज्या मुलाला सध्या स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्याला बालगृहाऐवजी दुसऱ्या एखाद्या कुटुंबात, बाल कल्याण समितीच्या आदेशाने, ठरावीक काळासाठी ठेवायचं, अशी ही व्यवस्था. हैदराबादेत काय किंवा परभणीत काय, कायदा एकच. तरीही विषय काढला की ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून बसलेल्या चार-सहा समजुती आडव्या येतात.

"म्हणजे दत्तकच की!"

नाही. दत्तकविधानाने मूल कायमचं आणि पूर्णपणे त्या घराचं होतं. आडनाव, वारसा, सगळं मिळतं, आणि जन्मदात्यांशी कायद्याचं नातं संपतं. फॉस्टर केअरमध्ये यातलं काहीच होत नाही. मुलाचं नाव तेच राहतं, त्याचे आईवडील त्याचेच राहतात. सांभाळणाऱ्यांच्या मिळकतीत त्याला आपोआप वाटा मिळत नाही. एक वर्षापर्यंतची व्यवस्था अल्पकालीन आणि त्यापुढची दीर्घकालीन. जास्तीत जास्त मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती चालू शकते.

आपल्याला ही कल्पना खरं तर नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कितीतरी मुलं वार लावून शिकली. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. गावाकडे आईबाप होते, फक्त परिस्थिती नव्हती. सुट्टी लागली की मुलगा गावी जायचा. त्याला जेवू घालणाऱ्या बाईने 'हा माझा' असा दावा कधी केला नाही आणि त्याला वाढताना हातही आखडला नाही. त्या पद्धतीत खोट होती. बहुतेक घरं जातीपलीकडे पाहत नव्हती, आणि मुलाशी कुणी वाईट वागलं तर त्याने सांगायचं कुणाला, हा प्रश्नच होता. आजच्या कायद्याने नेमकी तीच जागा भरायचा प्रयत्न केला आहे. कुटुंबाची आधी चौकशी होते, मूल घरी आल्यावर समितीने दरमहा पाहणी करायची असते, आणि काही कमी आढळलं तर मुलाला तिथून हलवायचं असतं.

एक दुवा मात्र दत्तकाकडे जातो. फॉस्टर केअरच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मूल दोन वर्षं एखाद्या फॉस्टर कुटुंबात राहिलं आणि ते दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल, तर त्या कुटुंबाला दत्तकाचा अर्ज करता येतो. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. पण दत्तकाची रांग लांब आहे म्हणून फॉस्टर केअरच्या दाराने शिरू, असा हिशेब कुणी करत असेल तर त्याने इकडे न आलेलं बरं. हे मी कठोरपणे म्हणते आहे, कारण त्या हिशेबात आईकडे परत जाण्याचा मुलाचा हक्क आपल्याला अडचण वाटायला लागतो.

"ही मुलं अनाथ असतात, किंवा आईबाप नालायक असतात"

या समजुतीने मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडं थांबते.

हैदराबादचंच पाहा. आई एर्रागड्ड्याच्या दवाखान्यात महिनोन् महिने दाखल आहे आणि बाप कधीच निघून गेला आहे. किंवा बाप चंचलगुड्याच्या तुरुंगात आणि आईचं मानसिक आजारपण इतकं, की तिला स्वतःचंच भान नाही. ही मुलं अनाथ नाहीत. आईवडील आहेत, पण आज ते सांभाळू शकत नाहीत. 'आज' हा शब्द इथे महत्त्वाचा. उद्याचं चित्र वेगळं असू शकतं, आणि कायद्याने ती शक्यता धरून ठेवली आहे. मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर आईवडिलांना त्याला ठरावीक वेळाने भेटता येतं. ते सांभाळायला समर्थ झाले आहेत असं समितीला दिसलं की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं.

कधी कधी तर मुलासाठी दुसरं घर शोधायचंच नसतं. जानेवारी 2015 मध्ये हैदराबाद पोलिसांनी जुन्या शहरातल्या बांगड्यांच्या कारखान्यांतून दोनशेहून अधिक मुलं सोडवली. त्यातली बहुतेक बिहारची होती. त्या मुलांना गावी आईबाप होते. पोटासाठी, दलालाच्या शब्दावर ती इथे आली होती. अशा वेळी पहिला प्रयत्न मुलाला स्वतःच्या घरी सुखरूप पोचवण्याचा आणि ते घर पुन्हा त्याला कामाला पाठवणार नाही हे पाहण्याचा. कायद्यातही क्रम असाच आहे : आधी स्वतःचं कुटुंब, ते जमत नसेल तर दुसरं कुटुंब, आणि संस्था शेवटी. आपण नेमकी उलटी सवय लावून घेतली आहे. मूल अडचणीत दिसलं की आपल्याला पहिलं बालगृहच सुचतं.

आता भेटीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. आठ वर्षांचा मुलगा, बरकतपुऱ्यातल्या एका मराठी घरात चार महिन्यांपासून राहतो आहे. आई येणार म्हणून सकाळपासून शर्ट दोनदा बदलून झाला. ती येते. अंगावर धुवट साडी, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा. ती खुर्चीच्या टोकावर बसते. मुलगा आधी तिच्याकडे जातच नाही, दाराच्या कडेला उभा राहतो. मग जवळ जातो आणि निघायची वेळ झाली की तिचा पदर सोडत नाही. त्या रात्री तो जेवत नाही, उगाच ताट ढकलतो, घरातल्या मुलीला मारतो. फॉस्टर आईच्या मनात येतं, ही बाई आलीच नसती तर बरं झालं असतं. असं वाटणं साहजिक आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. मुलगा बिघडलेला नसतो, त्याला आठवण आलेली असते. भेट बंद करून आठवण थांबत नाही, फक्त तिच्याबद्दल बोलायला जागा उरत नाही.

खुर्चीच्या टोकावर बसलेल्या त्या आईलाही कुणीतरी हवं असतं. तिच्या औषधपाण्याची, कामाची, राहण्याची घडी बसली नाही, तर 'मूल परत जाईल' हे फक्त कागदावर राहतं. तिला चहा विचारणं, "काल तुमची आठवण काढत होता," एवढं सांगणं, यानेही त्या खोलीतली हवा बदलते.

"एकट्या बाईला कोण मूल देणार? आणि आम्हाला तर स्वतःची मुलं आहेत"

2024 पासून लग्न झालेलं असणं ही अट राहिलेली नाही. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कुणीही अर्ज करू शकतं. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही सांभाळता येतं, एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगा. जोडपं असेल तर निदान दोन वर्षांचा स्थिर संसार हवा. स्वतःची मुलं असणं आड येत नाही, उलट मुलं वाढवल्याचा अनुभव निवडीत जमेला धरला जातो. बंगला लागत नाही. बाल संरक्षण कक्षाची कार्यकर्ती घरी येऊन पाहते ती घरातली माणसं, त्यांची तब्येत, उत्पन्नाची स्थिरता, आणि घरातल्या सगळ्यांची तयारी. सर्वसाधारणपणे सहा वर्षांवरच्या मुलांसाठी ही सोय आहे. तान्हं बाळ मनात धरून येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरी ठेवावीत असंही कायदा सांगतो. 'फक्त धाकटी द्या' असं म्हणण्याआधी त्या थोरलीचा विचार करावा.

"सरकार पैसे देतं, म्हणून लोक घेतात"

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत एका मुलामागे महिना 4,000 रुपये धरलेले आहेत. हैदराबादेत शाळेची फी, रिक्षा, दूध, एखादा ताप-खोकला यांतच ते संपतात. ही रक्कम मुलाच्या खर्चाची आहे. सांभाळणाऱ्याचा पगार नव्हे आणि लाज वाटण्याजोगी भीकही नव्हे. मध्यमवर्गीय घरांत 'आम्हाला नको सरकारचे पैसे' असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते ते घ्यावेत. त्या पैशांसोबत हिशेब येतो, पाहणी येते, आणि मूल ही समाजाची जबाबदारी आहे याची नोंद राहते.

"नातवंड आजीकडेच आहे, त्याला कागद कशाला?"

आजी, मावशी, काका यांनी मूल सांभाळणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित व्यवस्था. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर किती आज्या सत्तरीत पुन्हा डबे करायला लागल्या, ते आपण आपल्याच नात्यागोत्यात पाहिलं. त्यांना फॉस्टर पालक म्हणत नाहीत, पण मदत त्यांच्यासाठीही आहे. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चाला दरमहा मिळणारी मदत, नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलाला मिळू शकतं. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे : शहरात वर्षाला 96,000 रुपये, खेड्यात 72,000. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बाल संगोपन योजना आहे, तिची मदत 2023 मध्ये महिना 2,250 रुपये झाली. जिल्हा बाल संरक्षण कक्षात एकदा नाव नोंदवलं, तर उद्या आजी थकली तेव्हा त्या मुलाची फाइल कुठेतरी उघडलेली असेल.

"मेसेज आलाय, दोन दिवसांची मुलगी आहे, हवी असेल तर फोन करा"

2021 मध्ये असे मेसेज घरोघरी फिरले. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण तो रस्ता सरळ मुलांच्या खरेदी-विक्रीकडे जातो. अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल कायद्याची वाट सोडून दत्तक देणं वा घेणं हा कलम 80 खाली गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. विकत देण्या-घेण्याला त्याहून मोठी शिक्षा आहे. मे 2024 मध्ये राचकोंडा पोलिसांनी मेडिपल्लीत उघड केलेल्या प्रकरणात तान्ही बाळं दिल्लीहून आणि आपल्या पुण्याहून आणून इकडे विकली जात होती. मूल एकटं किंवा धोक्यात दिसलं तर 1098 हा नंबर लावायचा. तो चोवीस तास चालतो.

"प्रेम दिलं की मूल रुळतं"

प्रेम लागतंच. कुटुंबात वाढण्याने किती फरक पडतो, याचा नीट केलेला अभ्यास रुमानियात झाला. 2000 सालापासून बुखारेस्टच्या अनाथालयांतली 136 लहान मुलं त्यात होती. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून फॉस्टर घरं मिळाली. त्यांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जोडलं जाणं संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगलं वाढलं, आणि जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरी गेली त्यांच्यात फरक सगळ्यात जास्त दिसला.

पण ते रुळणं सरळ रेषेत होत नाही. उशीखाली पोळी सापडते. "चोरतोस का रे?" असं विचारलं की दुसऱ्या दिवशी ती कपाटामागे सापडते. ज्या मुलाने उपाशी रात्र काढली आहे, त्याच्या लेखी स्वयंपाकघर बंद होऊ शकतं. तिथे शिकवणी नको. ओट्यावर झाकलेली एक वाटी ठेवावी आणि 'कधीही घे' असं त्याला सांगावं. काही आठवड्यांनी ती वाटी रात्रभर तशीच राहते. भाषेचंही तसंच. तेलुगू किंवा दखनी बोलणाऱ्या पोराला महिन्याभरात 'आई, जेवायला वाढ' म्हणायला लावण्यापेक्षा आपण त्याचे दहा शब्द शिकावेत. तो नमाज पढत असेल किंवा चर्चला जात असेल, तर ते त्याचं राहू द्यावं.

आणि सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार? रात्री दोनला किंचाळून उठणारं मूल, शाळेतून रोज येणाऱ्या तक्रारी, "दुसऱ्याचं कशाला गळ्यात घेतलंत?" असं विचारणारे नातेवाईक. समुपदेशक मागून घेणं, संरक्षण कक्षातल्या कार्यकर्तीला खरं सांगणं, शेजारच्या काकूंनी रविवारी दोन तास मुलाला गच्चीवर खेळवणं, हे सगळं या कामाचाच भाग आहे. स्वतःच्या मुलीला वाटणारा हेवाही बोलून दाखवायला जागा हवी. तिचं घरही एका दिवसात बदललेलं असतं.

"जायचंच आहे तर जीव कशाला लावायचा?"

जीव लावायचाच. एकदा कुणावर तरी भरवसा टाकता आलेलं मूल पुढच्या माणसावरही टाकू शकतं, मग ते माणूस त्याची स्वतःची आई असो.

मुलाला परत पाठवण्याचा आदेश आला की दोन-तीन आठवडे तयारी करावी. आधी दिवसभराची भेट, मग एक रात्र, मग दोन. पिशवी त्याच्यासोबत बसून भरावी. त्यात लसीचं कार्ड, दवाखान्याचे कागद, शाळेचं प्रगतिपुस्तक, गच्चीवरचे फोटो. आणि एक चोपडी, त्याच्या आईसाठी : वरणात जिरं चालत नाही, झोपताना दिवा लागतो, गणितात सातचा पाढा अडतो, दात दुखतो तेव्हा सांगत नाही, गप्प बसतो. शेवटच्या पानावर आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत, त्याला वाचता येईल असा.