आधी शेवटचे तीस किलोमीटर: बदलापूरहून कोकण किनाऱ्याची रेल्वेसहल

बदलापूर-अंबरनाथकडच्या घरांत 'कुठेतरी पाण्याजवळ जाऊ या' असं कुणी म्हटलं की पहिलं नाव निघतं बारवी धरणाचं. एमआयडीसीने १९७२ साली बांधलेलं, पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढवलेलं हे धरण उल्हासनगरपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या नळांना पाणी देतं. पण ते मुळात पाणीपुरवठ्याचं धरण, चौपाटी नव्हे. पावसाळ्यात तर धरणं-धबधब्यांवर जायला बंदीचे आदेशच निघतात. आणि मुलांना हवा असतो समुद्र. बारवीचं पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीला आणि तिथून समुद्राला मिळतं. आपण त्यापेक्षा सोपी वाट धरतो: लोकलने दिवा आणि दिव्याहून कोकणची गाडी.

स्वतःची गाडी न काढता, आजी-आजोबा आणि मुलं सोबत घेऊन, पाच-सहा दिवसांत दोन-तीन किनाऱ्याची गावं बघायची, तर काय काय ठरवावं लागतं, त्याची ही मांडणी.

रूळ किनाऱ्याने का जात नाहीत?

नकाशात कोकण रेल्वेची रेघ समुद्राला लागून दिसते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात गाडीच्या खिडकीतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. कारण खाड्या. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, वाघोटण विजयदुर्गला समुद्राला मिळते, आणि मुखाशी प्रत्येकीचं पात्र पसरलेलं असतं. किनाऱ्याने रूळ न्यायचे तर दर काही मैलांवर प्रचंड पूल हवा. म्हणून मार्ग आत घेतला, जिथे नद्या अरुंद होतात. पण आत आलं की सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात, त्यांना भोकं पाडावी लागतात. पाणी टाळावं तर डोंगर, डोंगर टाळावा तर पाणी! या कात्रीतून ९१ बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल असलेला, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा साडेसातशे किलोमीटरच्या आतबाहेरचा मार्ग उभा राहिला. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख, आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग प्रवाशांना खुला झाला.

आपल्या बेतासाठी याचा अर्थ एवढाच, की गाडी तुम्हाला समुद्रापर्यंत नेत नाही. ती तीस-चाळीस किलोमीटर अलीकडे सोडते. कोकणची सहल फसते ती बहुतेक या मधल्या टप्प्यात, आणि आपण मात्र सगळी शक्ती आरक्षणावर खर्च केलेली असते.

नावातला 'रोड' वाचायला शिका

राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. स्टेशनच्या नावामागे 'रोड' असेल तर 'गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथून आहे' असं समजायचं. राजापूर रोडला उतरून 'बाजारपेठ कुठे?' असं आम्ही एकदा विचारलं होतं. रिक्षावाले काका म्हणाले, "बाजार राजापुरात. हे सौंदळ." गाव पंधराएक किलोमीटर लांब, आणि आमच्या हातात चार पिशव्या. सावंतवाडीचं स्टेशनही शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे.

'रोड' नसला म्हणून हुरळून जाऊ नये. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ ही स्टेशनं गावालगत आहेत, पण वाळू तिथेही नाही. मालवणला तर रेल्वेच नाही. मालवणचं स्टेशन म्हणजे व्यवहारात कुडाळ किंवा कणकवली.

दिव्यापर्यंत: सहलीचा पहिला अवघड टप्पा

कोकणच्या बहुतेक एक्स्प्रेस मुंबईहून ठाणे-पनवेलमार्गे जातात, कल्याणला येतच नाहीत. त्यामुळे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या माणसापुढे दोन पर्याय उरतात.

पहिला, दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी. ती सकाळी लवकर सुटते, म्हणून बदलापूरहून पहाटेची धीमी लोकल धरावी. सगळ्या जलद गाड्या दिव्याला थांबत नाहीत. धीमीत बसलं की तो घोर नाही. दिव्याला सामानासकट पूल चढून फलाट बदलावा लागतो, तेव्हा चाकांच्या एका भल्यामोठ्या बॅगेपेक्षा खांद्यावरच्या दोन बऱ्या.

दुसरा, ठाण्याला जाऊन आरक्षणाची एक्स्प्रेस. दिवसाची मांडवी, रात्रीची कोकणकन्या, दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी, शिवाय जनशताब्दी, तेजस आणि २०२३ पासून वंदे भारत. मुलांना कोकण दाखवायचं असेल तर जाताना दिवसाची गाडी घ्या. रात्रीच्या गाडीने मुक्कामाला लवकर पोचता, पण बोगदे काय नि बाहेरचा अंधार काय, सारखंच.

दिवा-सावंतवाडी गाडी जवळपास सगळीकडे थांबते आणि दिवस घेते. मार्ग बराचसा एकेरी आहे. समोरून गाडी येणार असली की एकीला स्टेशनात उभं राहावं लागतं. कोकणात याला सरळ 'क्रॉसिंग लागलं' म्हणतात. या थांब्यांचा वैताग करून घेऊ नये. मे महिन्यात पळसाच्या पानांच्या द्रोणातली करवंदं विकायला येतात ती अशाच वेळी.

खिडकीतून काय बघाल

दक्षिणेकडे जाताना उजवा हात पश्चिमेला, म्हणजे खाड्यांच्या बाजूला असतो. मुलांना गुंतवून ठेवायला या खुणा पुरतात:

- कोलाड: मालाने भरलेले ट्रक चालकांसकट रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेतात. ही 'रो-रो' सेवा १९९९ पासून आहे. गाडीवर गाडी बघून मुलं खूश होतात.
- चिपळूण: वाशिष्ठीचा पूल. जुलै २०२१ च्या महापुरात याच नदीने शहर बुडवलं होतं.
- करबुडे बोगदा: उक्षी आणि भोके स्टेशनांच्या मध्ये. लांबी साडेसहा किलोमीटर. २०१३ मध्ये काश्मीरचा पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा हाच होता. मुलांना घड्याळ लावून वेळ मोजायला सांगा. गाडी ताशी ६५ किलोमीटरने जात असेल तर बरोबर सहा मिनिटं.
- पानवल पूल: रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी. उंची ६४ मीटर, म्हणजे साधारण वीस मजले. खाली झाडांचे शेंडे हिरव्या गालिच्यासारखे दिसतात, आणि गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो. तो आवाज बदलला की समजायचं, पूल आला.

सहा दिवसांचा आराखडा

यातली युक्ती अशी: एका स्टेशनावर उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे सरकायचं आणि पुढच्या स्टेशनावर पुन्हा गाडी धरायची. आल्या वाटेने मागे यायचं नाही.

पहिला दिवस: चिपळूण ते गुहागर. दिव्याहून निघालं की दुपारपर्यंत चिपळूण. तिथून गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर, एसटी किंवा ठरवलेल्या गाडीने. संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन, मागेच लांबलचक वाळू. जेवण साधं घरगुती सांगा. प्रवासाच्या दिवशी पोटाला मसाल्याची परीक्षा नको.

दुसरा दिवस: हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे. गुहागरहून दक्षिणेला हेदवीचं दशभुजा गणेशाचं देऊळ बघून तवसाळला यायचं. समोर शास्त्रीची खाडी, पलीकडे जयगड. इथे फेरीबोट आहे, तिच्यात माणसांबरोबर मोटारीही चढतात. ज्या खाडीला टाळून रूळ डोंगरात शिरले, तीच खाडी तुम्ही पंधराएक मिनिटांत बसल्या जागी ओलांडता. जयगडहून गणपतीपुळे वीसेक किलोमीटर.

तिसरा दिवस: आरे-वारेमार्गे रत्नागिरी. समुद्राला चिकटून जाणारा हा रस्ता. आजोबांना 'आता समुद्र दिसेल' म्हणून मान उंचवावी लागत नाही. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान, तीन बाजूंनी पाणी असलेला रत्नदुर्ग आणि थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांनी इथे आणून ठेवला. हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजाचं इथेच निधन झालं.

चौथा दिवस: रत्नागिरी ते कुडाळ, मग मालवण. पुन्हा गाडी. पानवल पूल याच टप्प्यात लागतो. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर.

पाचवा दिवस: सिंधुदुर्ग किल्ला. शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत हा आहे. होडीतून उतरल्यावर मुलांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी! धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना हे जास्त पटतं. दुपारी मालवणी थाळी नि सोलकढी, संध्याकाळी तारकर्ली.

सहावा दिवस: परत. कुडाळहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी ठाणे. त्या वेळी सगळी गर्दी मुंबईकडे चाललेली असते. उलट्या दिशेच्या बदलापूर लोकलला बसायला जागा मिळते.

तिकिटं आणि मुलं

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली. गणपती, दिवाळी आणि मे महिना यांसाठी त्याच सकाळी बसावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलाला, वेगळी जागा नको असेल, तर तिकीट नाही. पाच ते बारा वयात स्वतंत्र जागा घेतली तर पूर्ण भाडं, नाही घेतली तर अर्धं. रात्रीच्या गाडीत हे अर्धं तिकीट महागात पडतं, कारण एका बर्थवर दोघं म्हणजे आईची झोप गेली.

गणपतीत ही सहल ठरवूच नये. तेव्हा गाड्या आणि गावं दोन्ही चाकरमान्यांची असतात.

पावसाचं वेळापत्रक वेगळं

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक लागतं. गाड्यांचा वेग कमी, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदललेल्या. यामागे कटू अनुभव आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळच्या आंबवली पुलावर रुळांवर आलेल्या दगडमातीमुळे मोठे अपघात झाले. तेव्हापासून कटिंगमध्ये जाळ्या, गस्त आणि वेगमर्यादा यांवर भर आहे.

बदलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले गेले, ते आपल्याच अंगणात. पावसात कोकण सर्वांत देखणं असतं, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्रात उतरणं धोक्याचं. कुटुंबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पुढेमागे इटलीला जाणार असाल तर

ऐपत झाली की अनेक मराठी घरांत 'एकदा इटली' निघतं. तिथली चिंक्वे तेर्रे ही किनाऱ्यावरची पाच गावं कोकणाच्या माणसाने मुद्दाम बघावीत: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा रेल्वेमार्ग १८७४ मध्ये पुरा झाला. त्याआधी या गावांना खेचराची वाट नाहीतर होडी एवढाच आधार होता. तिथल्या अभियंत्यांनी कोकणच्या उलट केलं. मोठ्या खाड्या नव्हत्या, म्हणून रूळ थेट समुद्राच्या कड्यात बोगदे पाडून नेले. त्यामुळे बोगद्यातून बाहेर आलं की फलाट आणि फलाटाखाली समुद्र. फक्त कोर्नील्या कड्यावर बसलं आहे. स्टेशनातून गावात जायला पावणेचारशेच्या घरात पायऱ्या आहेत. म्हणजे तिथेही एक 'रोड' आहेच, तो फक्त उभा आहे! आजी-आजोबा सोबत असतील तर पायऱ्या टाळून छोट्या बसने वर जावं.

रोम-फ्लॉरेन्स जलद गाडीने दीडेक तासाचं अंतर. त्या गाड्यांचं आरक्षण आधी करावं, या पाच गावांच्या साध्या गाड्यांना ते लागत नाही. साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर हातात तिकीट असूनही दंड.

निघण्याआधी

इटली असो की मालवण, बेत उलट्या टोकाकडून आखावा. आधी मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा: स्टेशनावरून आणायला कोण येईल, किती घेईल, गाडी दोन तास उशिरा आली तरी थांबेल का? मग एसटीची शेवटची फेरी कितीला ते बघा. ही दोन उत्तरं कागदावर आली की मगच रेल्वेचं तिकीट काढायला बसा. गाडीला उशीर झालाच तर क्रॉसिंगला उभ्या डब्यात करवंदं खाता येतात. रात्री नऊला 'रोड' स्टेशनाबाहेर चार पिशव्या घेऊन उभं राहिलात, तर खायलाही काही मिळत नाही.