बाळ शीला बसत नाही, काय करावे?

सकाळची घाईची वेळ असते. दूध डेअरीला गेलेले असते, तव्यावर भाकरी असते, खुरपणीला बाया यायच्या असतात. आणि नेमके तेव्हाच दोन-अडीच वर्षांचे आपले लेकरू धान्याच्या पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभे राहते. चेहरा लाल, पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले. तुम्ही धावत जाऊन त्याला उचलता, संडासात नेऊन बसवता. ते रडून सारी आळी गोळा करते. दहा मिनिटे बसवले तरी काही नाही, आणि बाहेर आणून चड्डी घातली की चड्डीतच! मग पाठीत एक धपाटा बसतो. आजी म्हणते, "मेलं भारी हट्टी आहे."

खरेच का ते हट्टी असते? माझ्या धाकट्या जावेच्या नातवाचे सांगते, म्हणजे तुमच्या ध्यानात येईल.

हा मुलगा वर्षाचा असल्यापासून आजीच्या पायांवर छान बसत असे. आजी पाटावर बसायची, दोन्ही पाय थोडे फाकवून त्यावर त्याला बसवायची, खाली कागद. सकाळचे दूध प्यायला की पाच मिनिटांत काम उरकायचे. तो दोन वर्षांचा झाला त्या सुमारास घरी परसात नवा संडास बांधून झाला. साऱ्यांनी ठरवले, आता याला तिथेच बसवायचे. पहिल्याच दिवशी ओल्या भांड्यावरून त्याचा पाय घसरला. लागले काही नाही, पण पोरगे दचकले. आत अंधार, दार लावलेले, खाली ते भोक, आणि पाय ठेवायच्या जागा मोठ्या माणसाच्या मापाच्या! दुसऱ्या दिवसापासून त्याने शी रोखून धरायला सुरुवात केली.

आता रोखले की काय होते, ते नीट समजून घ्या. शी आतड्यात जितकी जास्त थांबते, तितके आतडे त्यातले पाणी शोषून घेते. ती घट्ट होते, खड्यासारखी होते. मग बाहेर येताना दुखते, कधी चीर पडून रक्ताची रेघही दिसते. लहान जिवाला एवढेच कळते की शी केली की दुखते. मग पुढच्या वेळी ते आणखी आवळून धरते, शी आणखी घट्ट होते, आणि आणखी दुखते. मूल पाय आवळून उभे राहते तेव्हा आपल्याला वाटते की ते शी करायला जोर लावते आहे. पुष्कळदा ते उलट असते. येणारी शी अडवण्यासाठी ते सारी ताकद लावत असते.

पुढे तर आणखीच गंमत झाली. गंमत कसली, सारे घर हैराण झाले होते. दिवसातून चार-पाच वेळा त्याची चड्डी पातळ शीने थोडी थोडी भरू लागली. घरच्यांना वाटले, जुलाब लागले. भाकरी बंद केली, केळे बंद केले, नुसत्या दुधावर ठेवले. अखेर डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पोट चाचपून पाहिले आणि सांगितले, "याला जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे." घट्ट शीचा गोळा आत अडकून बसला होता आणि त्याच्या कडेने पातळ शी पाझरत होती. अशा वेळी मुलाला ती कळतही नाही आणि थांबवताही येत नाही. त्यासाठी त्याला मारणे म्हणजे खोकला आला म्हणून मारण्यासारखे आहे.

म्हणून अशा मुलाच्या बाबतीत आधी दुखणे घालवायचे, मग भीती, आणि सवय सर्वात शेवटी. आपण मात्र सवयीपासूनच सुरुवात करतो.

दुखणे घालवायला पहिल्यांदा दुधाचा तांब्या पाहा. गोठ्यात म्हैस असली की पोराला दूध पाजण्याला हात आखडत नाही. जावेचा नातू दिवसाला लीटरभर दूध पीत होता. पोट दुधानेच भरल्यावर भाजी-भाकरी कोण खाईल? एवढ्या वयाच्या मुलाला दिवसाचे सुमारे ४०० ते ५०० मिलीलीटर दूध पुष्कळ झाले. जास्त दूध पिऊन जेवण टाळणाऱ्या मुलांचे पोट साफ होत नाही, शिवाय अंगात रक्तही कमी पडते. दूध कमी करून वरणात कुस्करलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पालेभाजी, पिकलेली पपई, पेरू असे देत जा. काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून द्याव्या. आणि पाणी! तुम्ही शेतावर गेल्यावर पोर दिवसभर किती पाणी प्यायले, हे घरी कुणी पाहते का?

शी फार घट्ट झाली असेल तर डॉक्टर ती मऊ करण्याचे औषध देतात. हे औषध चार दिवसांत बंद करू नका. जावेच्या सुनेने शी झाली म्हणून पाचव्या दिवशी बाटली कपाटात ठेवली, आणि आठवड्यात पुन्हा पहिले पाढे! मग नीट दोन महिने औषध दिले, तेव्हा कुठे आतडे मूळ पदावर आले. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावणे, साबणाची वात, एरंडेलाचा चमचा हे आपले घरगुती उपाय अशा मुलावर मात्र करू नका. ज्या जागी दुखते म्हणून ते घाबरले आहे, तिथेच आपण पुन्हा बोट लावतो. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, ताप आला, किंवा वजन वाढत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता भीतीचे. सुनेने त्याला संडासात नेणे अजिबात बंद केले. आठवडी बाजारातून प्लास्टिकचे पॉट आणले आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून दिले. पहिले काही दिवस तो चड्डी घालूनच त्यावर बसे, कधी मांजराच्या पिलाला बसवी. कुणी काही बोलले नाही. पॉट नसेल तर आजीचे पाय आहेतच. पॉटवर बसवताना एवढे पाहा की पाय लोंबकळू नयेत. तळपाय जमिनीला किंवा विटेला टेकले की जोर नीट लागतो. खाल्ल्यावर आतड्याला आपोआप चालना मिळते, म्हणून सकाळी आणि रात्री जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे. झाली तर "शाब्बास", नाही झाली तर "बरं, ऊठ." त्याहून जास्त वेळ धरून बसवू नये.

संडासाशी ओळख हळूहळू झाली. पॉटमधली शी संडासात टाकायला आजी त्याला बरोबर नेई. दार उघडे, दिवा लावलेला. तो स्वतः मगभर पाणी ओतून "गेली!" म्हणे. हे टाकणेही महत्त्वाचे आहे. लहान मुलाच्या शीला काही होत नाही असे म्हणून ती उकिरड्यावर टाकू नका. कावीळ, जुलाब, जंत यांचा प्रसार तिच्यातून मोठ्यांच्या शीइतकाच होतो, आणि जंतांची अंडी ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात. मुलाचे आणि आपले, दोघांचेही हात साबणानेच धुवावेत. डायपर वापरत असाल तर ते मात्र संडासात टाकू नका, तुंबेल.

तीन वर्षे होता होता तो आजीचे दोन्ही हात धरून संडासात बसू लागला.

हे सारे कधी सुरू करावे? दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान केव्हाही. मूल दोन तास कोरडे राहते, चड्डी खाली ओढू शकते, झाली की तरी येऊन सांगते, ही त्याची खूण. आज्या म्हणतात, "आमची मुलं वर्षाच्या आत सांगायची." ते अगदीच खोटे नाही. पण पुष्कळदा मुलाची वेळ आजी ओळखायची आणि वेळेवर पायांवर घ्यायची. ती चांगलीच सवय, पण मुलाने स्वतः ओळखून सांगणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेळ लागतो. शक्यतो सुगी आटोपल्यावर, उन्हाळ्यात सुरू करा. घरात माणूस असते, मूल नुसते झबल्यावर हिंडले तरी चालते, आणि धुतलेल्या चड्ड्या तासाभरात वाळतात. पावसाळ्यात ओल्या कपड्यांचा ढीग पाहून आपलाच धीर सुटतो. पाठचे भावंड नुकतेच जन्मले असेल तर चार महिने थांबा. रात्रीच्या अंथरुणाचे तर मनावरच घेऊ नका, पाच वर्षांपर्यंत ते ओले होणे नेहमीचेच आहे.

अंगणवाडीत घालताना मात्र सेविकाताईंना एक सांगून ठेवा. आपले मूल घरी शीला काय म्हणते? कुणी 'शी' म्हणते, कुणी 'आ-आ', कुणी नुसती चड्डी ओढते. जावेचा नातू "पाणी ओतायचंय" म्हणतो. पहिल्या दिवशी ताईंनी त्याला प्यायला पाणी दिले!