आधी कारण शोधू, मग खत घालू



आपल्यापैकी अनेकांकडे शेत नाही. अंगणात किंवा गच्चीवर तेलाचा रिकामा पिपा ठेवून त्यात भाजी घ्यावी, एवढीच सोय असते. टमाट्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडी भेदऱ्याचे, झाड 15 लिटरच्या पिप्यात चांगले येते. पण पाने पिवळी पडली की आपण युरिया टाकतो, फळ सडले की चुना टाकतो, आणि झाड हातचे जाते. आम्हीही हे केले आहे. दुःखाला कारण असते व कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण येथेही उपयोगी पडते.

पहिले कारण मातीत असते. वाशीम भागातील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात ती कसदार. पिप्यात मात्र ओली असताना मुळांना हवा मिळत नाही, व वाळल्यावर पाणी कडेच्या फटीतून तसेच खाली जाते. म्हणून काळी माती, रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग मिसळावे. पिप्याच्या तळाला पाच-सहा छिद्रे पाडावीत.

दुसरे लक्षण पानांवर दिसते. खालची जुनी पाने सारखी पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी आहे. अशा वेळी 5 लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा युरिया विरघळवून ओल्या मातीत थोडे थोडे द्यावे. जास्त दिल्यास झाड नुसते माजते, फुले कमी लागतात. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता समजावी. आपली माती चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असल्याने तिच्यातील लोह झाडाला उचलता येत नाही. तेथे युरिया कामाचा नाही. चुलीची राखही टाकू नये. तिने विम्लता आणखी वाढते.

तिसरी तक्रार फळाची. फळाचे खालचे टोक काळे पडून खोलगट होते. हा बहुतेक वेळा रोग नसतो. फळाला कॅल्शियम पोहोचलेले नसते. मग चुना का टाकू नये? कारण आपल्या मातीत चुन्याची सहसा वाण नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते. दोन दिवस कोरडे व तिसऱ्या दिवशी पिपा भरून पाणी, असे झाले की फळ उपाशी राहते. उपाय एकच, नियमित पाणी. उन्हाळ्यात रोज सकाळी बोट घालून ओल पाहावी आणि मातीवर कुटाराचे आच्छादन घालावे.

बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर जमतो. तो खरवडून काढावा आणि तळातून वाहून जाईल इतके पाणी एकदा द्यावे. पावसाचे साठविलेले पाणी मिळाल्यास उत्तम.

विद्यार्थ्यांनी एका वहीत पाणी, खत व पानांचा रंग रोज लिहावा. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पाहून व पडताळून स्वीकारावे. एका पिप्यापासून ही सवय लागली, तरी पुष्कळ झाले.

जय भीम! नमो बुद्धाय!