अंगठा लागत नाही, मग रेशनही नाही?

‘आजीचा अंगठा लागत नाही, त्यामुळे तिचं रेशन बंद झालं.’ रेशनबद्दल लोक बरंच काही चुकीचं बोलतात, पण हे वाक्य सगळीकडे सापडतं. कंट्रोलच्या रांगेत, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत, आणि आयुष्यभर परिपत्रकं वाचून निवृत्त झालेल्या साहेबांच्या तोंडीसुद्धा. सूरही ठरलेला. पाऊस झाला नाही, पीक गेलं, तितक्याच सहजपणे सांगतात. जणू यात कोणाचा निर्णय नाही की कोणाची चूक नाही. आजीही पिशवीची घडी करून घरी जाते आणि त्या महिन्याचं धान्य हातचं जातं.

तर आधीच सांगतो. अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारा, असा नियम नाही. नाकारू नका, असा लेखी आदेश मात्र आहे आणि तो २०१७ सालचा आहे.

धान्याचा हक्क दिला आहे राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. महाराष्ट्रात या कायद्याखाली सुमारे ७ कोटी माणसं येतात. दुकानातल्या अंगठा वाचणाऱ्या ई-पॉस यंत्राचं काम या सगळ्याच्या बरंच नंतर सुरू होतं. दुकानात आलेला माणूस कार्डावरचाच आहे ना, एवढंच ते तपासतं. त्याला तपासता आलं नाही, तर ओळख दुसऱ्या मार्गाने पटवायची. त्यामुळे कायद्याने दिलेले किलो कमी होत नाहीत.

आता बोटांचं. वय वाढलं की कातडी कोरडी आणि पातळ होते, ठशांच्या रेषा सपाट होतात. त्यात जिने उभा जन्म ऊस तोडला, सोलापुरात विड्या वळल्या, घरोघरची भांडी घासली किंवा बांधकामावर सिमेंट कालवलं, तिच्या बोटांवर यंत्राला वाचण्यासारखं फार उरत नाही. कॅपेसिटाबिनसारख्या कर्करोगावरच्या औषधांनीही ठसे पुसट होतात. थोडक्यात, ज्यांना रेशनची गरज जास्त त्यांचेच ठसे सर्वांत वाईट. सरकारला हे माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. ओळख पटवणं फसण्याचं प्रमाण राजस्थानात ३७ आणि झारखंडमध्ये ४९ टक्के असल्याचे अंदाज खुद्द केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात दिलेले आहेत. मार्च २०१८ मध्ये आधार देणाऱ्या ‘यूआयडीएआय’च्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलेला सरकारी सेवांमधल्या यशाचा आकडा ८८ टक्के होता. उरलेल्या १२ टक्क्यांत कोण असणार, हे कळायला संशोधन लागत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी न जोडल्यामुळे आमचं कार्ड रद्द झालं होतं आणि घरात दाणा नव्हता, असं घरच्यांनी सांगितलं. प्रशासनाने ते मानलं नाही, मृत्यू आजाराने झाला असं म्हटलं. देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने सगळ्या राज्यांना सूचना दिल्या. केवळ आधार नाही म्हणून कोणाचं नाव यादीतून काढायचं नाही आणि कोणाला धान्यही नाकारायचं नाही. नेटवर्क नाही, वीज नाही किंवा ठसे जुळत नाहीत अशा कारणाने यंत्रावर ओळख पटली नाही, तर रेशनकार्ड आणि आधार कार्ड प्रत्यक्ष पाहून धान्य द्यायचं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायची. यात ‘शक्य असल्यास’ वगैरे पळवाट नाही.

यावर हमखास येणारा मुद्दा म्हणजे, ‘पण आधार तर सुप्रीम कोर्टानेच सक्तीचं केलंय ना?’ २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सरकारी लाभांसाठी आधारची अट कायम ठेवली, हे खरं. पण केवळ ओळख पटवणं फसलं म्हणून कोणी वंचित राहणार नाही, हे महान्यायवादींचं आश्वासनही त्याच निकालात नोंदवलेलं आहे. आणि ज्याला आधार क्रमांक मिळालेलाच नाही, त्याला ओळखीचा दुसरा व्यवहार्य मार्ग द्या, असं आधार कायद्याचं कलम ७ स्वतःच म्हणतं. निकालाचा अर्धा भाग ऐकून आलेल्यांशी वाद घालताना माझा आवाज चढतो, तो यामुळेच.

दुकानदाराची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. त्याच्या साठ्याचा हिशेब यंत्रातून होतो. यंत्राबाहेर दिलेलं धान्य त्याच्या नावावर शिल्लक दिसतं, आणि उद्या तपासणीला पुरवठा निरीक्षक आले की उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून तो ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून वेळ मारून नेतो. त्याची भीती समजते. पण ती कागदोपत्री मिटवणं हे पुरवठा खात्याचं काम आहे. त्याची किंमत पंचाहत्तरीच्या बाईने का मोजावी?

शिवाय बऱ्याचदा गोष्ट इतकी पुढे जायलाच नको असते. यंत्राला दहांपैकी कोणतंही बोट चालतं. अंगठा लागला नाही तर मधलं बोट, अनामिका लावून बघावी. हात धुऊन, नीट पुसून, कोरड्या कातडीला किंचित तेलाचा हात लावून पुन्हा बघावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर महिन्याला धान्य उचलताना कार्डावरच्या कोणाही एकाचं बोट पुरतं. सुनेचं नाव त्याच कार्डात असेल, तर सासूबाईंना उन्हात उभं करायचं कारणच नाही. सून आपलं बोट लावून सगळ्यांचं धान्य आणू शकते. हे माहीत नसल्याने रिक्षा करून म्हाताऱ्यांना दुकानापर्यंत नेणारी घरं आहेत. ज्यांच्या कार्डावर दुसरं कोणी नाही आणि चालवतही नाही, अशा वृद्धांसाठी नॉमिनी नेमण्याची किंवा घरपोच धान्य देण्याची व्यवस्था करा, असंही केंद्राने राज्यांना सांगितलेलं आहे. त्यासाठी अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायचा, मुंबईत शिधावाटप कार्यालयात.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. ओळख फसली की आधारच्या यंत्रणेकडून एक संकेतांक येतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने आपले ठसे ‘लॉक’ करून ठेवले आहेत. हा दुसरा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नसावा. फसवणुकीच्या बातम्या वाचून सावध झालेला मुलगा आईबाबांचे ठसे लॉक करतो आणि विसरून जातो, मग आई महिनोन् महिने हात चोळत बसते. तेव्हा ‘लागत नाही’ एवढ्यावर परत फिरू नका, यंत्रावर काय आलं ते वाचून दाखवायला सांगा. आणि सर्व्हर बंद असेल तर त्याला ‘अंगठा लागत नाही’ म्हणतच नाहीत. तो दोष आजीच्या बोटाचा नाही.

या गोंधळात अलीकडे ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून करायच्या ओळख-पडताळणीची, भर पडली. दर महिन्याचा अंगठा आणि ई-केवायसी या वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्याच्या धान्याला एकाचं बोट पुरतं, ई-केवायसी मात्र कार्डावरच्या प्रत्येकाची व्हावी लागते. ती राहिली तर त्या व्यक्तीच्या वाट्याचं धान्य अडू शकतं, म्हणून ती टाळू नका. पण तिथेही बोटांवाचून अडत नाही. ‘मेरा ई-केवायसी’ या मोबाइल ॲपवर चेहऱ्यावरून ती करता येते. सोबत ‘आधार फेस आरडी’ हे ॲप लागतं आणि ओटीपीसाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला असावा लागतो. नातवाला दहा मिनिटांचं काम. आणि ज्यांचे ठसे कुठेच जुळत नाहीत, त्यांनी आधार केंद्रात जाऊन ते नव्याने द्यावेत. नोंदवलेले ठसे दहा वर्षांपूर्वीचे असतील, तर आजची बोटं त्यांच्याशी जुळावीत ही अपेक्षाच चुकीची.

इतकं करूनही दुकानदार नाही म्हणाला, तर १९६७ वर तक्रार नोंदवायची. ‘रेशन मिळत नाही’ एवढंच मोघम सांगू नये. रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक, तारीख आणि यंत्रावर आलेला संदेश, सगळं सांगायचं. त्याहून वर राज्य अन्न आयोग आहे. कायद्याने ठरलेलं धान्य मिळालं नाही, तर त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे, हे अर्जात आवर्जून लिहावं.

दुसरा गैरसमज पेन्शनचा. ‘श्रावणबाळ चालू झालं की रेशन बंद होतं.’ म्हणून काही वृद्ध पेन्शनचा अर्जच करत नाहीत. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, त्यांवर अशा ऐकीव गोष्टीपायी पाणी सोडायचं? या समजाचं मूळ बहुधा अन्नपूर्णा योजनेत असावं. केंद्राने २००० साली सुरू केलेल्या या योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १० किलो धान्य मोफत होतं, पण वृद्धापकाळ पेन्शनला पात्र असूनही ती न मिळालेल्यांनाच. पेन्शन सुरू झाली की अन्नपूर्णा बंद, हा त्या एका योजनेपुरता नियम. लोकांनी तो सगळ्या रेशनला चिकटवला. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं धान्य वृद्धापकाळाच्या पेन्शनमुळे बंद होत नाही.

‘एकट्या माणसाला कार्ड मिळत नाही’ हे तर सपशेल उलटं आहे. निराधार विधवा, कोणाचाच आधार नसलेला ६० वर्षांवरचा एकटा पुरुष किंवा एकटी बाई, यांची नावं अंत्योदयच्या निकषांतच लिहिलेली आहेत. अंत्योदयचे ३५ किलो कार्डामागे असतात, माणशी नव्हेत. घरात एकच माणूस असला तरी ३५. अडचण येते ती इष्टांकाची. प्रत्येक तालुक्याला कार्डांचा कोटा ठरलेला असतो आणि ‘इष्टांक भरला’ हे उत्तर बऱ्याचदा खरंही असतं. तरीही अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अपात्र ठरलेल्यांची आणि मयतांची कार्डं कमी झाली की जागा होते, पण ती अर्ज असलेल्यालाच मिळू शकते. वेगळं राहणाऱ्या आईवडिलांची नावं अजून मुलाच्या कार्डात असतील, तर आधी तिथून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे, आणि वेगळं कार्ड असेल तर उत्पन्न त्या कार्डावरच्यांचंच धरायचं, परगावी राहणाऱ्या मुलाच्या पगाराचं नव्हे.

‘गाव सोडलं की रेशन गेलं.’ नाही गेलं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात धान्य उचलता येतं. आईवडिलांना महिना-महिना वाटून घेणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. थोरल्याकडे असताना थोरल्याच्या गल्लीतलं दुकान, धाकट्याकडे असताना त्याच्या गल्लीतलं. महिन्याचं सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलायचीही सक्ती नाही.

‘केशरी कार्ड आहे, म्हणजे धान्य मिळणारच.’ कार्डाच्या रंगावर जाऊ नका, त्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का ते बघा.

‘एखाद-दोन महिने उचललं नाही की कार्ड कायमचं रद्द.’ जुलै २०२५ च्या केंद्राच्या आदेशानुसार सलग सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड तात्पुरतं थांबवून तीन महिन्यांत पडताळणी करायची आहे. तपासायला कोणी आलं, तर घरात सापडा.

‘तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात.’ तो पोषणमूल्य वाढवलेला दाणा. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तो बनवतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात टाकतात. पाण्यावर तरंगतो म्हणून निवडून फेकू नका. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारा.

‘शिवभोजन थाळीला रेशनकार्ड दाखवावं लागतं.’ लागत नाही. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात, दुपारच्या ठरलेल्या वेळेत. केंद्रावर नाव सांगायचं आणि फोटो काढू द्यायचा. मात्र अनुदान थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारी आहेत, तेव्हा जवळचं केंद्र चालू आहे का याची खात्री आधी करून घ्या.

‘धान्य फुकट असलं तरी दुकानदाराला काहीतरी द्यावंच लागतं.’ त्याला क्विंटलमागे कमिशन सरकार देतं. तुम्ही पावती मागा. तिच्यावर तुमच्या कार्डावर किती किलो टाकले ते छापलेलं असतं, आणि पिशवीचं वजन तिथेच, त्याच्याच काट्यावर करून घ्यायचं असतं.